दोन टक्के आणि वरचे पैसे

आमच्या घरात एकाच जमिनीचे दोन कागद आहेत. पहिला १९९६ सालचा. दोन एकर दहा गुंठ्यांचे साठेखत, भाव एकरी चाळीस हजार, आणि त्याला जोडलेले कुलमुखत्यारपत्र. दुसरा कागद आमचा नाहीच. खालापूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात मी एका वेगळ्याच कामासाठी जुन्या सूच्या चाळत होतो, तेव्हा सूची क्रमांक दोनमध्ये आमचा सर्व्हे नंबर दिसला म्हणून मी त्याची नक्कल घेतली. साठेखतानंतर सात महिन्यांनी तीच जमीन एकरी पासष्ट हजारांनी एका कंपनीला गेली होती. देणारे म्हणून आमच्या वडिलांचे नाव होते आणि सही होती मुखत्याराची. मुखत्यार म्हणजे ज्याला आम्ही दलाल समजत होतो तो. गावातला, नात्यातला माणूस. “आपल्याच माणसाकडून दलाली कसली घ्यायची, अण्णा,” असे तो ओटीवर बसून म्हणाला होता, ते मी स्वतः ऐकले आहे.

हिशेब करू. दोन्ही बाजूंनी दोन-दोन टक्के हा आमच्याकडचा रूढ दर. त्याने तो घेतला असता, तर आमच्याकडून अठराशे आणि कंपनीकडून दोन हजार नऊशे पंचवीस, असे मिळून चार हजार सातशे पंचवीस रुपये झाले असते. दलाली न घेता त्याला सुटले ५६,२५० रुपये. जवळजवळ बारा पट.

या नकलेने मला जमिनीच्या दलालीच्या इतिहासाकडे वळवले. पुष्कळ दिवस मी तो रागाने वाचला, हे कबूल करतो.

‘दलाल’ हा शब्द मूळ अरबी. अर्थ वाट दाखवणारा, दिशा सांगणारा. शब्दात वाईट काही नाही. मुंबईत पारशी आणि गुजराती घरांनी तो आडनाव म्हणून मिरवला, आणि शेअर बाजाराच्या रस्त्यालाही तेच नाव मिळाले. पण मराठी बाजारपेठेत या शब्दाभोवती गुप्ततेचे वलय आधीपासून होते. मोल्सवर्थच्या कोशात ‘नंदभाषा’ असा शब्द आहे. व्यापाऱ्या-दलालांनी आपसात वापरायची ही आकड्यांची सांकेतिक बोली. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत तर आजही पाहायला मिळते. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे असतात, आणि भाव मात्र मधल्या माणसाच्या मुठीत असतो. धंद्याची कमाई टक्क्यात नव्हती, दोन माणसांना एकमेकांचा आकडा कळू न देण्यात होती.

जमिनीला मात्र हा दलाल उशिरा लागला. जुन्या कुलाबा जिल्ह्यात जमिनीवर खोत आणि सावकार यांची पकड होती. जमीन हातची जायची ती बहुधा कर्जात, गहाणात. तिथे मध्यस्थाला फारसे काम नव्हते, कारण घेणारा आधीच ठरलेला असे. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ संप केला. पुढे १९४८ चा कुळकायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’ने कसणाऱ्याला मालक मानले. आमच्या आजोबांची जमीन अशीच कुळाची मालकीची झाली. आकार भरला, बत्तीस-म चे प्रमाणपत्र मिळाले, सातबाऱ्यावर नाव चढले.

पण ही मालकी अटींची होती. कलम ४३ प्रमाणे अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नव्हती. कलम ६३ प्रमाणे घेणारा शेतकरीच लागे. त्याआधीच १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा येऊन बसला होता. पुढे १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला आणि कातकरी-ठाकरांची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येईना. डोंगरउतारावरच्या दळी जमिनींचा प्रश्न आणखी वेगळा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने काही सातबाऱ्यांच्या ‘इतर हक्कां’त वनाची नोंद येऊन बसली. यातला प्रत्येक कायदा दुबळ्याच्या बाजूचा होता, आणि मी त्यांच्यातल्या एकाच्याही विरोधात नाही. पण सगळे मिळून सातबारा असा झाला की ज्याच्या नावावर तो होता त्यालाच तो वाचता येईना. वाट दाखवणाऱ्याची गरज इथे निर्माण झाली. तलाठ्याकडे कोणता फेरफार आहे, प्रांताकडे कोणती फाइल अडली आहे, मोजणीची तारीख कशी मिळेल, हे ज्याला ठाऊक तो दलाल.

मग कारखाने आले. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना पाताळगंगेच्या खोऱ्यात उभा राहिला. रसायनांच्या या कारखानदारीने परिसराला नावच दिले. महसुली गाव वासांबे, बाजारपेठ मोहोपाडा, पण स्टेशनवर पाटी ‘रसायनी’. हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स आली, औद्योगिक विकास महामंडळाचे पाताळगंगा क्षेत्र झाले, ऐंशीच्या दशकात रिलायन्सचा प्रकल्प सुरू झाला. सरकारी संपादनात दलालाला जागा नव्हती. नोटीस येई, निवाडा होई, मोबदला मिळे. भाव सरकार ठरवी आणि तो सगळ्यांना माहीत असे. कमी असे, पण लपलेला नसे. दलालाचे दिवस आले ते कारखान्यांच्या कुंपणाबाहेरच्या जमिनीला गिऱ्हाईक लागले तेव्हा. जोडधंद्याचे कारखानदार आले, गोदामवाले आले, नव्वदच्या दशकात फार्महाउसवाले मुंबईकर आले, मग द्रुतगती महामार्ग झाला. २०१३ मध्ये विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्राची अधिसूचना निघाली तेव्हा तर मोहोपाड्यात चहाच्या टपरीवर बसलेला प्रत्येक दुसरा माणूस कुणाची ना कुणाची ‘डायरेक्ट पार्टी’ झाला.

या काळात आमच्याकडे दलालीची एक रीत रुजली. दलाल मालकाशी भाव बांधून घेतो, थोडा विसार देतो, साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून घेतो. मग गिऱ्हाईक शोधतो. बांधलेल्या भावाच्या वर जे मिळेल ते त्याचे. याला ‘वरचे पैसे’ म्हणतात. मालकाला सांगितले जाते, तुमच्याकडून एक पैसा नको. मालक खूश, कारण दोन टक्के वाचले. खरी गोष्ट अशी की त्या क्षणी त्याच्याजवळ दलाल उरलेलाच नसतो. समोर बसलेला माणूस घेणारा झालेला असतो, आणि घेणाऱ्याला भाव कमी हवा असतो.

कायद्याला हा फरक चांगला ठाऊक आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात मुखत्यार-दलालाच्या कर्तव्यांची कलमे आहेत. कलम २१३ सांगते की मागितल्यावर त्याने हिशेब दिला पाहिजे. कलम २१५ आणि २१६ सांगतात की मालकाच्या संमतीवाचून त्याने स्वतःच व्यवहारात उडी घेतली, तर महत्त्वाची गोष्ट लपवली असल्यास मालक तो व्यवहार नाकारू शकतो, आणि त्यातून झालेला फायदा मागू शकतो. कलम २२० प्रमाणे कामात गैरवर्तन करणाऱ्याचा त्या भागापुरता मोबदल्यावर हक्क नाही. सव्वाशे वर्षे हे लिहिलेले होते. आमच्या गावात ते कुणी वाचले नव्हते, आणि मी वाचले तेव्हा मुदत केव्हाच टळली होती. शिवाय तो म्हणालाच असता, मी दलाल कुठे, साठेखत तर माझ्याच नावावर आहे! साठेखताने जमिनीत मालकी येत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्ये आहे. नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि करारावर मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्पच्या निकालात २०११ साली पुन्हा बजावले. पण दलालाला मालकी नकोच असते. मधला आकडा झाकायला एवढा कागद पुरतो.

आता थोडे त्याच्या बाजूने. राग ओसरल्यावर मी ती जुनी फाइल पुन्हा पाहिली. कलम ४३ ची परवानगी त्याने आणली होती. प्रांत कार्यालयाचे पाच पत्रव्यवहार आहेत, मोजणीची पावती आहे, नजराण्याचे चलन आहे. सात महिने तो माणूस फिरत होता आणि प्रवासखर्च त्याचाच होता. अण्णांना हे जन्मात जमले नसते. चार हजार सातशे पंचवीस रुपयांत हे सगळे कुणी केले असते? मला नाही वाटत. कदाचित त्याच्या कामाची किंमत वीस हजार होती, कदाचित तीस. त्याने ती मागितली असती तर आम्ही घासाघीस केली असती, हेही खरे. सेवेचे मोल उघडपणे द्यायची आपल्याला सवय नाही. ते कुठेतरी झाकून घेतले गेले की आपल्याला फुकट मिळाल्यासारखे वाटते.

टक्केवारीने हा प्रश्न सुटतो असेही नाही. अमेरिकेत लेविट आणि सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या घरविक्रीचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. दलाल स्वतःचे घर विकतात तेव्हा ते गिऱ्हाइकांच्या तशाच घरांपेक्षा साधारण ३.७ टक्के जास्त भावाने जाते आणि साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहते, असे त्यांना दिसले. कारण साधे आहे. भाव एक लाखाने वाढला तर दोन टक्केवाल्याच्या पदरात दोन हजार पडतात, आणि त्यासाठी त्याला आणखी महिनाभर थांबावे लागते. त्यापेक्षा आज सही झालेली बरी. म्हणजे दोन टक्केवाला आपल्यासाठी ताणून धरेल ही आशाही फार धरू नये. तरी त्याच्यात आणि वरच्या पैशांवाल्यात फरक आहे. भाव वाढला तर पहिल्याचे थोडे का होईना भलेच होते. दुसऱ्याचे भले आपला भाव दबण्यात असते.

स्थावर संपदा कायदा आला आणि १ मे २०१७ पासून एजंटांना नोंदणी सक्तीची झाली. वह्या ठेवायच्या, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली घरे विकायची नाहीत, गिऱ्हाइकाला कागदपत्रे मिळवून द्यायची. २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. चांगले झाले. पण दलालीचा दर या कायद्याने ठरवला नाही. आणि मोठी गोम अशी की त्याची व्याख्या प्रकल्पातल्या भूखंड-सदनिकांच्या व्यवहाराशी बांधलेली आहे. मोहोपाड्यात इमारतीतला फ्लॅट विकणाऱ्याला नोंदणी क्रमांक लागतो. त्याच इमारतीमागचे भाताचे खाचर विकणाऱ्याला लागत नाही. आमच्याकडचा जास्त धोक्याचा सौदा खाचराचा आहे.

एक आकडा इथे नोंदवतो. हिंदुस्थान ऑरगॅनिकचा रसायनीचा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला, तेव्हा त्यातली ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला ६१८.८० कोटींना देण्याचे ठरले. म्हणजे एकरी एक कोटी चाळीस लाख. सरकारी घराने सरकारी घराला दिली, मध्ये कुणी नव्हते. रूढ दराने एका बाजूची दलाली बारा कोटींवर गेली असती. मोहोपाड्यात हा हिशेब किती जणांनी उसासे टाकत केला असेल!

या वर्षी आमच्याकडे प्रश्न पुन्हा आला. राहिलेले तीस गुंठे विकायचे ठरले. दोन माणसे आली. पहिल्याने एक टक्का सांगितला आणि दुसऱ्या वाक्यात साठेखताची गोष्ट काढली. दुसऱ्याने दोन टक्के सांगितले, अर्धा पैसाही कमी करायला नकार दिला, आणि दर ठरवायच्या आधी सातबारा, आठ-अ आणि १९५७ पासूनचे सगळे फेरफार मागितले. कुलमुखत्यारपत्र नको म्हणाला, “सही तुमची तुम्हीच करा, काका.” घेणाऱ्याकडून काही घेणार असलो तर लिहून देईन, असेही म्हणाला. धाकट्या भावाला पहिला पसंत होता. तीस गुंठ्यांच्या आजच्या भावात एक टक्क्याचा फरक म्हणजे त्याच्या मुलीची वर्षाची फी. मी दुसऱ्याच्या बाजूने बोललो, ते बरेचसे त्या १९९६ च्या कागदामुळे.

पंधरा दिवसांनी तो परत आला तो गिऱ्हाईक घेऊन नाही, एक फेरफार घेऊन. आजोबा १९७९ मध्ये गेले. त्यानंतरच्या वारसनोंदीत वडिलांचे आणि काकांचे नाव आहे, आत्याचे नाही. हक्कसोडपत्र नाही, काही नाही. १९५६ च्या वारसा कायद्यानेही तिचा वाटा होताच. हे दुरुस्त केल्याशिवाय मी कुणाला जमीन दाखवणार नाही, असे त्याने सांगितले. व्यवहार थांबला. त्याला अजून एक रुपया मिळालेला नाही, आणि करार कायद्याच्या कलम २१९ प्रमाणे काम पुरे होईपर्यंत मिळणारही नाही.

मी घरी येऊन १९९६ चे साठेखत पुन्हा काढले. त्या दोन एकर दहा गुंठ्यांवरही आत्याची सही नाही. त्या वेळच्या आमच्या माणसाने फेरफार पाहिला नसेल, किंवा पाहून गप्प राहिला असेल. आम्ही तर पाहिलाच नव्हता. पंचवीस हजारांच्या फरकासाठी मी इतकी वर्षे ज्या कागदाकडे बोट दाखवत होतो, त्याच कागदात आत्याचे काहीच नव्हते. चाळीस हजारांतलेही नाही.

आत्या आता ऐंशीची आहे. अण्णा नव्वदीकडे झुकले आहेत. ती भाऊबीजेला येते आहे. फेरफाराची नक्कल काढून ठेवली आहे, आणि तिच्यासमोर ती अण्णांनीच वाचायची असे ठरले आहे.