दाबानेच घट्ट बसणारे चामडे

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपतो आणि लगेच दुसरा हंगाम सुरू होतो, तो दुरुस्तीचा. पलूस तालुक्यातील कुंडलचा क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड कारखाना घ्या किंवा सातारा-सांगलीकडचा दुसरा कोणताही. या दिवसांत ऊस पिळणाऱ्या मिली उघडल्या जातात. त्यांच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना जाड भिंतीची, बुटकी सिलिंडरे असतात. तीही उघडून साफ करायची, आतला दट्ट्या तपासायचा आणि पॅकिंग बदलायचे. हे पॅकिंग म्हणजे रबराचे एक कडे. एवढ्याशा कड्याचा इतिहास आपण येथे पाहणार आहोत, कारण हायड्रॉलिक यंत्रांची सारी मदार त्याच्यावर आहे.

प्रथम हे सिलिंडर तेथे कशासाठी, ते पाहू. पलूसच्या शेजारी किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर १९१० साली तेथे कारखाना वसवला. नांगर आणि कडबा कापण्याच्या यंत्रांबरोबर तेथे उसाचे लोखंडी चरकही तयार होत. चरकातील लाटांमधले अंतर एकदा जुळवले की तेवढेच राहते. उसाची मोळी जाड आली तर चरक अडतो. पातळ आली तर रस चोथ्यात राहून जातो. बैलांच्या चालीने चालणाऱ्या गुऱ्हाळात हे निभावते. तासाला शेकडो टन ऊस गिळणाऱ्या मिलमध्ये मात्र निभावत नाही. म्हणून तेथे वरची लाट मोकळी ठेवतात आणि तिच्यावर तेलाचा दाब देतात. ऊस जास्त आला की लाट थोडी वर उचलली जाते, पण तिच्यावरचा भार जवळपास तेवढाच राहतो.

हा भार किती? समजा, दट्ट्याचा व्यास ३० सें.मी. आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७०० चौ. सें.मी. भरते. दर चौ. सें.मी.ला २०० किलोग्रॅम दाब धरला, तर एका बाजूला १४० टन आणि दोन्ही बाजूंना मिळून २८० टन भार झाला. आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर सोडवून दाखवण्याजोगे हे गणित आहे.

यामागचा पास्कलचा नियम आपण शिकवतोच. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. पास्कलचा हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. लहान दट्ट्यावर एक माणूस आणि शंभरपट मोठ्या दट्ट्यावर शंभर माणसे समतोल राहतील, हे त्यात स्पष्ट मांडले होते. म्हणजे यंत्राची कल्पनाही तयार होती. तरीही चालणाऱ्या हायड्रॉलिक दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडात जोसेफ ब्रामाने घेतले ते १७९५ साली. मधली १३२ वर्षे कशात गेली?

पुस्तकातील आकृतीत दट्ट्या सिलिंडरात अगदी चपखल बसलेला असतो. लोहाराच्या भट्टीशेजारी तो तसा बसत नाही. सिलिंडर आतून नीट गोल कातणे हेच मुळात अवघड होते. विल्किन्सनचे त्यासाठीचे यंत्र १७७० च्या दशकातले. त्यानंतरही फट उरतेच आणि दाब वाढला की पाणी फटीतून उसळते. ब्रामाने फटीत पॅकिंग ठासून पाहिले. गळती थांबली, पण दट्ट्याच जखडला. दाब काढल्यावरही तो खाली येईना. सैल करावे तर गळती, घट्ट करावे तर अडकणे.

तोड निघाली ती कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्ली या तरुण कारागिराच्या हातून. त्याच्या हाताखाली पुढे काम केलेल्या जेम्स नॅस्मिथने हे श्रेय त्यालाच दिले आहे. मॉड्स्लीने चामड्याचे कडे असे वळवले की त्याचा छेद घेतला तर पन्हळीसारखा दिसावा आणि पन्हळीचे तोंड दाबाकडे असावे. पाणी पन्हळीत शिरले की तिचे दोन्ही ओठ फाकतात; एक सिलिंडरला आणि दुसरा दट्ट्याला चिकटतो. दाब जितका जास्त, तितकी पकड घट्ट. दाब गेला की ओठ सैल पडतात आणि दट्ट्या सुटतो. ज्या दाबामुळे गळती होत होती, त्यालाच गळती थांबवायच्या कामाला लावले! आमच्या मते पास्कलच्या नियमाचा याहून सुंदर उपयोग दाखवता येणार नाही. ब्रामाने मात्र १७९७ मध्ये या माणसाची पगारवाढीची मागणी नाकारली आणि मॉड्स्लीने स्वतःचे दुकान काढले. असो.

हाच वायसर जुन्या सायकलपंपात सापडतो. तो काढून मुलांना दाखवावा आणि मुद्दाम उलटा बसवून हवा भरायला सांगावी. हवा भरली जात नाही, हे कळायला सूत्र लागत नाही.

विसाव्या शतकात पाण्याऐवजी तेल आले आणि चामड्याच्या जागी कृत्रिम रबर. नील्स क्रिस्टेन्सनला अमेरिकेत ओ-रिंगचे पेटंट १९३९ मध्ये मिळाले. दट्ट्याच्या दांड्यावर कठीण क्रोमचा मुलामा देण्याची पद्धतही रुळली. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज उद्योजकाची तीन आद्याक्षरे आज मराठीत सामान्यनाम झाली आहेत. त्या पिवळ्या जेसीबीचा हात, कोपर आणि बादली अशाच सिलिंडरांवर हलतात.

असे सिलिंडर दुरुस्तीला आले की नवे सील घालून मोकळे होण्याचा मोह होतो. पण सील फाटले का, हा खरा प्रश्न. दांडा पुसून उजेडात फिरवला तर ओरखडे किंवा गंजाचे खड्डे दिसतात. दांडा आत-बाहेर होताना दर वेळी ते नव्या सीलचा ओठ कानशीसारखे घासणार. तेव्हा जुना क्रोम काढून, नवा चढवून, दांडा मापाला घासून घ्यावा लागतो. दांडा वाकलेला असेल तर क्रोम चढवूनही उपयोग नाही. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर चरे असतील तर होनिंग करावे लागते. चरे खोल असतील तर नळीच बदलावी लागते. बाहेर तेलाचा थेंबही नसताना उचललेला हात हळूहळू खाली येत असेल, तर तेल बहुधा आतल्या आत, दट्ट्याला वळसा घालून निसटत असते, नाहीतर झडपेतून. आणि सीलचे तोंड दाबाकडेच हवे, हा मॉड्स्लीचा नियम आजही जशाच्या तसा लागू आहे.

सिलिंडरवर विसंबून कोणी भाराखाली जाऊ नये, हेही जुनेच शहाणपण. वेल्समधील ब्रिटानिया पुलाच्या दीड हजार टनांहून जड लोखंडी नळ्या हायड्रॉलिक दाबयंत्राने उचलल्या जात होत्या. ऑगस्ट १८४९ मध्ये एका यंत्राच्या सिलिंडरचा तळच फुटून निघाला. नळी कोसळली, पण जेमतेम वीतभर. कारण अभियंता रॉबर्ट स्टीफन्सनने ती जसजशी वर जाईल तसतसा खाली आधार रचत जाण्याची सक्त ताकीद दिली होती. वर्कशॉपात नळी सोडण्याआधी बादली जमिनीला टेकवतात आणि उरलेला दाब काढून टाकतात, तो याच भीतीने. बारीक गळती शोधतानाही बोट लावायचे नसते. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवायचा. केसाएवढ्या छिद्रातून सुटलेले तेल कातडीत सुईसारखे घुसते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारशी, पण माणसाला ताबडतोब शस्त्रक्रियेसाठी न्यावे लागते. उशीर झाला तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते.