स्टॉर्मट्रूपरची बंदूक मुळात कुठली?

मंडळी, ऑक्टोबर लागला की ईलिंगच्या दुकानांत पांढऱ्या स्टॉर्मट्रूपरचे पोशाख लटकायला लागतात. सोबत काळी प्लास्टिकची बंदूक. पोरांच्या हातात द्यायच्या आधी ती एकदा नीट बघा. मॅगझिन डाव्या अंगाला आडवं, नळीच्या आवरणाला गोल भोकं, दस्ता खाली दुमडलेला. ओळखीची वाटते ना? भारतात मंत्र्यांच्या बंदोबस्तातल्या पोलिसाच्या खांद्यावर आपण हीच तर बघत आलो. कार्बाईन!

मूळ नाव स्टर्लिंग. लंडनच्या पूर्व टोकाला डॅगनममध्ये जॉर्ज पॅचेट यांनी ती घडवली आणि 1953 मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारली. पुढे परवाना घेऊन कानपूरच्या सरकारी कारखान्यातही ती बनू लागली. 1976 मध्ये एल्स्ट्रीच्या स्टुडिओत पहिल्या 'स्टार वॉर्स'चं शूटिंग झालं तेव्हा बजेट तुटपुंजं होतं. नवीन शस्त्रं घडवण्याऐवजी सेट सजवणारे रॉजर ख्रिश्चन लंडनच्या 'बॅप्टी' या सिनेमाला बंदुका भाड्याने देणाऱ्या पेढीकडे गेले. स्टर्लिंगचं मॅगझिन आखूड केलं, वर रणगाड्याची जुनी दुर्बीण बसवली, बाजूला आकडे मोजणारं छोटं यंत्र, नळीवर प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्या. झाली आकाशगंगेतली बंदूक! हान सोलोचं पिस्तूलही असंच: आत जर्मन माऊझर, 1896 सालच्या नमुन्याचं.

प्रकाशाच्या तलवारींची गंमत तर याहून भारी. ल्यूकच्या तलवारीची मूठ म्हणजे अमेरिकन वृत्तपत्रांचे फोटोग्राफर कॅमेऱ्याला लावत त्या ग्राफ्लेक्स फ्लॅशचा दांडा. तो सोहोतल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात धूळ खात पडला होता. ओबी-वॉनच्या मुठीत पहिल्या महायुद्धातला रायफल ग्रेनेड आहे, रोल्स-रॉइसच्या डरवेंट जेट इंजिनाची नळी आहे आणि टोकाला चक्क नळाची मूठ, आर्मिटेज शँक्सची. हो, तेच नाव, जे इथल्या प्रत्येक सार्वजनिक संडासात आपण वाचतो.

हे सगळं कळलं कसं? स्टुडिओने याद्या जपल्या म्हणून नाही. सिनेमाची एकेक फ्रेम थांबवून, भंगाराच्या बाजारात हिंडून, खाचा आणि स्क्रूची भोकं जुळवत शौकीन मंडळींनी वर्षानुवर्षं हा शोध घेतला. रिकामटेकडेपणा वाटेल, पण मला तो इतिहासाचाच अभ्यास वाटतो. वस्तूचा आधीचा जन्म शोधायचा.

फक्त स्टर्लिंगच्या बाबतीत तो जन्म संपला नव्हता. ज्या वर्षापर्यंत तीन सिनेमे येऊन गेले होते, त्या 1984 मध्ये 17 एप्रिलला सेंट जेम्स स्क्वेअरमधल्या लिबियाच्या वकिलातीतून निदर्शकांवर गोळ्या सुटल्या आणि बंदोबस्तावरची 25 वर्षांची पोलीस यव्हॉन फ्लेचर गेली. शस्त्र स्टर्लिंग. त्याच वर्षी दिल्लीत, सफदरजंग रोडच्या बागेत, बेअंत सिंगने रिव्हॉल्व्हर काढलं आणि सतवंत सिंगने इंदिरा गांधींवर स्टर्लिंग रिकामी केली. आपल्याकडे तिला सर्रास स्टेनगन म्हणतात, पण स्टेन ही तिच्या आधीची. तारीख होती 31 ऑक्टोबर. पुढच्या दिवसांत दिल्लीत शिखांचं जे शिरकाण झालं, त्यातून वाचलेल्यांचे नातेवाईक आपल्या शेजारी साउथॉलमध्ये राहतात.

तीच तारीख, हॅलोवीनची. मी पोरांना पोशाख घालू नका असं म्हणत नाही. आमच्या घरीही एक पांढरं हेल्मेट आहेच. पण लेक दहा-बारा वर्षांची झाली की बंदूक उलटी करून दाखवायला हरकत नाही: ही दुर्बीण रणगाड्याची, हा आकडेमोड्या कारखान्यातला, आणि हे आडवं मॅगझिन आहे ना, ते खरं. आजीला विचार, 1984 ला रेडिओवर काय ऐकलं होतंस. सेंट जेम्स स्क्वेअरमध्ये फ्लेचरचा स्मृतिदगड आहे, पिकॅडिली सर्कसपासून पायी पाच-दहा मिनिटं.

डॅगनमची कंपनी 1988 मध्ये बंद पडली. कानपूरची कार्बाईन मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं आपल्या पोलिसांच्या खांद्यावर होती.