ब्राँटे भगिनी : उत्तरकालीन कादंबरी व संगीत

शार्लट (१८१६–५५), एमिली (१८१८–४८) व ॲन (१८२०–४९) या ब्राँटे भगिनींच्या कादंबऱ्यांपासून स्फूर्ती घेऊन विसाव्या शतकात व त्यानंतर निर्माण झालेल्या कथात्म आणि सांगीतिक कृतींचा परामर्श प्रस्तुत नोंदीत घेतला आहे. इंग्लंडच्या यॉर्कशर मुलुखातील हॉवर्थ या गावी धर्मोपदेशक पित्याच्या घरात वाढलेल्या या भगिनींनी करर, एलिस व ॲक्टन बेल या टोपणनावांनी लेखन केले. १८४६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कवितासंग्रहाच्या प्रारंभी अवघ्या दोन प्रती खपल्या. परंतु पुढच्याच वर्षी शार्लटची ‘जेन एअर’, एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ आणि ॲनची ‘ॲग्नेस ग्रे’ या कादंबऱ्या प्रकाशित झाल्या. उत्तरकालीन प्रभावाच्या दृष्टीने त्यांपैकी पहिल्या दोन विशेष महत्त्वाच्या होत.

या प्रभावाचे मर्म मूळ कृतींच्या निवेदनपद्धतीत आहे. ‘जेन एअर’मधील नायक रॉचेस्टर याची वेडी पत्नी बर्था त्याच्या थॉर्नफील्ड या वाड्याच्या माडीवर कोंडलेली असते, तिचे हास्य व आरोळ्या वाचकाला ऐकू येतात, पण तिची हकीगत तो ऐकतो ती तिच्या पतीच्याच तोंडून. ‘वदरिंग हाइट्स’च्या तिसऱ्या प्रकरणात लॉकवुड हा पाहुणा रात्री खिडकीवर आपटणारी फांदी दूर सारण्यासाठी काच फोडून हात बाहेर घालतो, तोच एक लहानसा गार हात त्याचा हात घट्ट धरतो, भयाने बेभान झालेला लॉकवुड ते मनगट फुटक्या काचेवर रक्त येईपर्यंत घासतो. आत येऊ देण्याची विनवणी करणाऱ्या, मृत नायिका कॅथरीन हिच्या त्या पिशाच्चाची वार्ताही आतल्या पुरुषाकडूनच कळते. ज्यांची कैफियत अशी अर्धवट नोंदली गेली, त्यांना स्वतःच्या मुखाने बोलू देण्याची प्रेरणा पुढील श्रेष्ठ कृतींच्या मुळाशी आहे.

डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हीस (१८९०–१९७९) यांची ‘वाइड सारगॅसो सी’ (१९६६) ही या परंपरेतील सर्वश्रेष्ठ कादंबरी होय. लेखिकेच्या आधीच्या कादंबरीनंतर सत्तावीस वर्षांच्या अंतराने आलेल्या या कादंबरीत बर्था ही मुळात आंत्वानेत कॉझवे या नावाची, गुलामगिरी रद्द झाल्यानंतरच्या जमेकात वाढलेली क्रिओल कन्या म्हणून अवतरते. तीस हजार पौंडांची रक्कम विवाहाबरोबर पतीच्या हाती जाते, तिच्या मालमत्तेवर त्याचा अंमल सुरू होतो आणि अखेर तिचे नावही तो बदलतो. लेखिकेने मात्र त्या पतीला संपूर्ण ग्रंथात नाव दिलेले नाही. पहिल्या भागाचे निवेदन आंत्वानेतकडे, दुसऱ्याचे बहुतांशी पतीकडे व शेवटच्याचे प्रामुख्याने पुन्हा तिच्याकडे सोपविल्यामुळे शार्लटच्या कथेला बाध न येता तिचा न्याय मात्र आमूलाग्र पालटतो.

‘वदरिंग हाइट्स’मधील, लिव्हरपूलच्या रस्त्यावरून आणलेल्या सावळ्या, अज्ञातकुल हीथक्लिफचे मूळ एमिलीने अनुक्त ठेवले, तेही उत्तरकालीन लेखकांना आव्हान ठरले. ग्वादलूपच्या मारीझ काँदे यांनी १९९५ सालच्या फ्रेंच कादंबरीत ही कथा क्यूबा व ग्वादलूप येथे नेऊन वर्णभेदाचा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी आणला. कॅरिल फिलिप्स यांनी ‘द लॉस्ट चाइल्ड’ (२०१५) मध्ये त्या बालकाच्या पूर्ववृत्ताची कल्पना केली. तर जपानी लेखिका मिनाए मिझुमुरा यांनी २००२ साली तीच कथा महायुद्धोत्तर जपानमध्ये रुजविली.

संगीतात अमेरिकन रचनाकार बर्नार्ड हर्मन (१९११–७५) यांनी १९४३ ते १९५१ या काळात ‘वदरिंग हाइट्स’वर संगीतिका रचली. तिची संहिता ल्यूसिल फ्लेचर यांनी सिद्ध केली व तीत एमिलीच्या कवितांचाही अंतर्भाव केला. परंतु ती रंगभूमीवर आली १९८२ साली, पोर्टलंड येथे, रचनाकाराच्या निधनानंतर. कार्लाइल फ्लॉइड यांची याच कादंबरीवरील संगीतिका १९५८ मध्ये, तर मायकेल बर्कली यांची ‘जेन एअर’ २००० मध्ये सादर झाली.

लोकप्रिय संगीतात केट बुश (जन्म १९५८) यांच्या ‘वदरिंग हाइट्स’ या १९७८ सालच्या गीताचे स्थान अनन्यसाधारण आहे. या कादंबरीवरील दूरचित्रवाणी मालिकेचा अखेरचा भाग पाहून त्यांना हा विषय सुचला. अत्युच्च स्वरपट्टीतील हे गीत खिडकीबाहेर उभ्या असलेल्या कॅथरीनच्या भूमिकेतून गायिले असून, लॉकवुडच्या भयाच्या जागी तिची ओढ ऐकू येते. हे गीत चार आठवडे ब्रिटनमध्ये अग्रस्थानी राहिले आणि स्वरचित गीताने तो मान मिळविणाऱ्या केट बुश या पहिल्या गायिका ठरल्या.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीनेही या कथांचा स्वीकार केला. ‘आरजू’ (१९५०, संगीत अनिल विश्वास) व ‘दिल दिया दर्द लिया’ (१९६६, संगीत नौशाद) हे चित्रपट ‘वदरिंग हाइट्स’वर, तर ‘संगदिल’ (१९५२, संगीत सज्जाद हुसेन) हा ‘जेन एअर’वर आधारलेला आहे, तिन्हींचे नायक दिलीपकुमार होते. ‘संगदिल’मधील तलत महमूद यांच्या गायनाला आजही रसिकमान्यता आहे.

मूळ कथेचे केवळ स्थलांतर वा वेषांतर करणाऱ्या कृतींपेक्षा तिच्यातील अव्यक्ताला वाचा देणाऱ्या कृतींचे वाङ्मयीन मोल अधिक आहे. त्या निकषावर ऱ्हीस यांची कादंबरी व केट बुश यांचे गीत या स्वयंपूर्ण कलाकृती ठरतात, आणि त्यांच्या परिचयानंतर ब्राँटे भगिनींचे मूळ ग्रंथ पुन्हा वाचणे अगत्याचे होते.