कुर्बान हुसेन : यादीतील नावामागचा माणूस

स्वातंत्र्यलढ्यातील मुस्लिमांचे योगदान हा विषय निघाला की आपण बहुधा नावांची यादी वाचतो. अश्फाकउल्ला खान, मौलाना आझाद, खान अब्दुल गफार खान ही नावे विद्यार्थ्यांना पाठ असतात. पण यादीतून नाव कळते, माणूस कळत नाही. सोलापूरचे हुतात्मा अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांच्या बाबतीत असेच घडले आहे. चार हुतात्म्यांपैकी 'मुस्लिम हुतात्मा' एवढीच त्यांची ओळख उरली आहे. ती ओळख खोटी नाही, मात्र अपुरी आहे.

कुर्बान हुसेन यांचे कार्य समजून घेण्यासाठी आधी सोलापूर समजून घ्यावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कापड गिरण्या उभ्या राहिल्या आणि शहराचे गिरणगाव झाले. निजामाच्या मुलुखातून तेलुगू विणकर आले, कानडी भाषक लिंगायत समाज पूर्वीपासून होता, मराठी व उर्दू बोलणारे तर होतेच. या सर्वांना एका भोंग्याने जागे केले आणि एका पगारपत्रकाने बांधले. कुर्बान हुसेन यांनी ऐन तारुण्यात याच गिरणी कामगारांत काम केले. ते 'गझनफर' या पत्राचे संपादकही होते. गझनफर म्हणजे सिंह. म्हणजे लेखणी आणि संघटन ही त्यांची दोन साधने होती.

दिनांक ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेवर राष्ट्रीय ध्वज फडकला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाल्याची वार्ता येताच शहर पेटून उठले. ८ मे रोजी पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. त्यात शंकर शिवदारे यांच्यासह अनेकांचा बळी गेला. संतप्त जमावाने पोलीस चौकी व न्यायालयाची इमारत जाळली. दोन पोलीसही मारले गेले. ही बाब शिकवताना लपवू नये, कारण पुढील खटला याच मृत्यूंवर उभा राहिला. त्यानंतर काही दिवस शहरात इंग्रजांची सत्ता नावालाही उरली नव्हती. वाहतुकीचे नियमन स्वयंसेवक करीत होते. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला. तो जूनअखेरपर्यंत टिकला. या काळात गांधी टोपी आणि ध्वज ही सुद्धा शिक्षेची कारणे ठरली.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांवर पोलिसांच्या खुनाचा खटला भरण्यात आला. लष्करी कायद्यामुळे फाशी झाली असा समज विद्यार्थ्यांत आढळतो. प्रत्यक्षात खटला सत्र न्यायालयात चालला, मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली आणि प्रिव्ही कौन्सिलकडेही दाद लागली नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. वसाहतीची सत्ता केवळ बंदुकीने नव्हे, तर साक्षी, निकाल आणि अपील यांच्या शिस्तबद्ध मार्गानेही आपले काम साधून घेत असे.

१२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात चौघांना फाशी देण्यात आली. तेव्हा लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद चालू होती. गांधी-आयर्विन करार होण्यास दोन महिन्यांहून कमी अवधी राहिला होता. कुर्बान हुसेन यांनी वयाची पंचविशीही ओलांडली नव्हती.

आता प्रश्न आपल्या वर्गाचा. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा व एक मुसलमान असे सांगून चौघांना ऐक्याचे चित्र बनवणे सोपे आहे. पण ते काही चित्रासाठी एकत्र आले नव्हते. त्यांना एकत्र आणले ते शहराच्या सार्वजनिक जीवनाने. कुर्बान हुसेन यांना केवळ जमातीचे प्रतिनिधी मानले, तर त्यांच्यातील संपादक आणि कामगार कार्यकर्ता पुन्हा एकदा मारला जातो. आपल्या देशनिष्ठेचा दाखला म्हणून त्यांचे नाव पुढे करणे हेही त्यांच्यावर अन्यायच करणारे आहे. ज्याने जीव दिला त्याच्याकडून आपण दाखला मागवून घेत असतो.

दुसरी अडचण साधनांची आहे. सरकारी कागदपत्रांत हे चौघे 'आरोपी' म्हणूनच भेटतात. आरोपीचे जीवन कागदावर अटकेच्या दिवशी सुरू होते. त्याआधीचा माणूस शोधायचा तर जुनी वृत्तपत्रे, गिरण्यांचे दप्तर, नगरपालिकेची इतिवृत्ते आणि घराघरांतील आठवणी धुंडाळाव्या लागतात. ही साधने मराठी, उर्दू, कन्नड व तेलुगू अशा भाषांत विखुरलेली असण्याचा संभव आहे. हैदराबाद, बेळगाव, कलबुर्गी या भागांतील आपल्या महाविद्यालयांत या चारही भाषा जाणणारे विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. मोठ्या विद्यापीठांनाही सहजी न मिळणारे हे बळ आहे.

सोलापूरच्या चौकात चौघांचे पुतळे उभे आहेत. दरवर्षी १२ जानेवारीला त्यांना हार घातले जातात. त्या दिवशी भाषण ठेवण्याऐवजी चार विद्यार्थ्यांना चार भाषांतील एकेक जुना कागद वाचायला दिला, तर यादीतील नाव हळूहळू माणूस होऊ लागेल.