लबानोनचा गंधसरू

मराठी पवित्र शास्त्रांत ज्यास गंधसरू म्हटलें आहे, तो लबानोन पर्वतावरील सूचिपर्णी वृक्ष होय. त्याचें लांकूड सुवासिक, टिकाऊ आणि तुळयांस पुरेल इतकें लांब. शास्त्रांतील वृत्तान्ताप्रमाणें यरुशलेमच्या मंदिरासाठीं शलमोन राजानें तें सोरचा राजा हीराम याजकडून मागविलें. ओंडके तराफे बांधून समुद्रमार्गें आले. मोबदल्यांत गहूं व तेल गेलें. तोडीसाठीं मात्र ३०,००० इस्राएली वेठीस धरले. दरमहा १०,००० पाळीनें लबानोनांत जात. मंदिर उभें राहिलें, पण वेठीचा सल उरला. शलमोनपुत्र रहबाम यानें प्रजेचें ओझें हलकें करण्यास नकार दिला, तेव्हां लोकांनीं वेठीवरील अधिकारी अदोराम यास धोंडमार करून ठार केलें आणि राज्य दुभंगलें. त्या अरण्याच्या आतां तुरळक राया उरल्या आहेत. त्यांतील एकीस, कादिशा दरीसह, युनेस्कोनें १९९८ सालीं जागतिक वारशांत स्थान दिलें.