आगबोटीवर मूल कोण सांभाळी?

भगिनींनो, यंदाच्या चैत्रातील हळदीकुंकवाला आपल्या एक सभासद काकू नुकत्याच अमेरिकेहून लेकीकडून आलेल्या होत्या. लेक, जावई व दोन नातवंडे यांच्याबरोबर त्या आठवडाभर एका मोठ्या सहलीच्या बोटीवर राहून आल्या. वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रपटांतील पात्रांनी सजविलेली ती बोट. धुराड्यावर मिकी उंदराचे कान, जेवणाच्या दालनात चित्रांची आरास, मुलांना खेळायला जवळजवळ अख्खा मजला. फोनवरची छायाचित्रे हातोहात फिरली आणि कैरीची डाळ बाजूलाच राहिली.

आपल्यातील सर्वांत वडील आजींनी छायाचित्रे नीट पाहिली आणि विचारले, "सगळं छान आहे गं. पण पोरांना सांभाळीत कोण होतं?"

"बोटीवरचीच माणसं सांभाळीत, आजी. मी तर दुपारी झोपतसुद्धा असे," काकू म्हणाल्या.

आजींना हे काही केल्या पटेना. त्यांचे माहेर हर्णैचे. त्यांना बोट आठवते ती मुंबईहून निघणारी, कोकणच्या बंदरांना लागत जाणारी. बंदरांना धक्का नसे. बोट दूर समुद्रात उभी राही आणि उतारूंनी पडावातून किनाऱ्याला यावयाचे. पडाव वर-खाली होत असता कडेवरचे मूल आधी खलाशाच्या हाती द्यावयाचे आणि मग आपण उडी घ्यावयाची. डेकवर वळकटी पसरून जागा धरलेली असे. आईला बोट लागलेली, मुलाला बोट लागलेली, आणि आपले डोके गरगरत असतानाही मुलाचे डोके मांडीवर धरून बसावयाचे काम आईचेच. पाण्याची भीती तर मनातून कधीच जात नसे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. अलिबागकडच्या कितीतरी घरांत त्या दिवसाचे नाव अजून निघते. आजींच्या मते, मूल दुसऱ्याकडे सोपवून बोटीवर झोपणारी बाई म्हणजे नवलच!

त्यांचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. बोटीवरून मौजेखातर फिरण्याचा प्रघात कधी पडला, आणि त्यात आईला व मुलाला जागा कधी मिळाली, हे शोधावे असे वाटले. वाचनालयातून जे हाती लागले ते येथे सांगते.

मौजेची जलसफर तशी फार जुनी नव्हे. इंग्लंडची पी. अँड ओ. कंपनी टपाल नेण्याचे काम करी. बोटी चालावयाच्याच, तर त्यांत हौशी माणसेही बसवावीत, असे तिच्या चालकांना सुचले. १८४४ साली त्यांनी थॅकरे या इंग्रज लेखकाला फुकट तिकीट देऊन भूमध्य समुद्रात फिरविले. हेतू हा की त्याने घरी येऊन लिहावे आणि लोकांनी वाचून तिकिटे काढावीत. त्याने खरोखरच पुस्तक लिहिले व ते १८४६ मध्ये निघाले. जाहिरातीची ही युक्ती तेव्हापासूनची! पुढे १८६७ साली अमेरिकेहून 'क्वेकर सिटी' ही बोट यात्रेकरूंना घेऊन युरोप व जेरुसलेमकडे गेली. तिच्यावर मार्क ट्वेन होता आणि त्यानेही सहप्रवाशांची यथेच्छ थट्टा करणारे पुस्तक लिहिले.

त्याच काळात आपल्या मुंबईहूनही बोटी विलायतेस जात, आणि १८६९ साली सुएझचा कालवा उघडल्यावर तर ही ये-जा फारच वाढली. त्या बोटींवर गोऱ्या मडमा असत, त्यांची लहान मुले असत. मग ती मुले कोण सांभाळी? भगिनींनो, हे वाचून मी थबकलेच. ती सांभाळीत आपल्या देशातील आया. मडमेला स्वदेशी जावयाचे झाले की एक आया बरोबर घ्यावयाची. कित्येक आठवड्यांच्या प्रवासात मुलांना न्हाऊमाखू घालणे, खाऊपिऊ घालणे, रात्री उठून थोपटणे, मडमेला बोट लागली की तिचीही शुश्रूषा करणे, हे सगळे तिच्याकडे. एका आयेने अशा चौपन्न खेपा केल्याची नोंद आहे. चौपन्न! आणि तिला बोट लागत नसेल काय? हे कोणी लिहून ठेवलेले मला कोठे आढळले नाही.

लंडनला उतरले की कित्येक आयांचे काम संपे. परतीचे तिकीट देऊ असे सांगून आणलेले, पण पुष्कळदा ते मिळत नसे. परक्या मुलखात, थंडीत, हाती पैसा नाही अशा या बायकांसाठी लंडनला 'आयांचे घर' चालत असे. परत हिंदुस्थानात जाणारे एखादे कुटुंब भेटेपर्यंत त्यांनी तेथे राहावयाचे. १९०० सालापासून हे घर हॅक्नी भागात किंग एडवर्ड्स रोडवर होते. २०२२ साली त्या इमारतीवर स्मृतिफलक बसविण्यात आला. मला वाटते, आगबोटीवरील मुलांचा इतिहास लिहावयाचा तर पहिले पान या बायांचे आहे. त्यांची स्वतःची मुले त्या वेळी कोठे होती, हा विचार आल्यावाचून राहत नाही.

आता पुन्हा मौजेच्या बोटींकडे वळू. हँबुर्गच्या आगबोट कंपनीचे अल्बर्ट बालिन मोठे हिशेबी गृहस्थ. हिवाळ्यात अटलांटिक महासागर खवळलेला, उतारू थोडे, बोटी बसून राहत. बसलेली बोट म्हणजे बसलेली गाय. वैरण मात्र चालूच. म्हणून त्यांनी जानेवारी १८९१ मध्ये 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' ही मोठी बोट २४१ उतारू घेऊन भूमध्य समुद्रात दोन महिने फिरवून आणली. लोक हसत होते, पण सफर यशस्वी झाली. मग १९०० साली त्यांनी केवळ सहलीसाठीच म्हणून 'प्रिन्सेस व्हिक्टोरिया लुईझे' ही बोट पाण्यात सोडली. केबिनी १२०, आणि सगळ्या पहिल्या वर्गाच्या! हा सारा थाट श्रीमंतांचा. बिचारी ती बोट १९०६ च्या डिसेंबरात जमेकाजवळ खडकावर चढली व निकामी झाली.

गरिबांची मुले याच कंपन्यांच्या बोटींवर असत, पण ती खाली, तिसऱ्या वर्गात. देश सोडून पोट भरावयास निघालेल्या आईबापांबरोबर. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा पहिल्या व दुसऱ्या वर्गातील मुले जवळजवळ सगळी वाचली. तिसऱ्या वर्गातील मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांशच वाचली. होड्याच सगळ्यांना पुरतील इतक्या नव्हत्या. त्यानंतर १९१४ साली लंडनला अनेक राष्ट्रांची परिषद भरून बोटीवरील प्रत्येक माणसाला जीवरक्षक होडीत जागा असली पाहिजे, असे ठरले. आज सहलीच्या बोटीवर पाऊल ठेवताच आधी सर्वांना धोक्याची कवायत शिकवितात, ती या धड्यामुळे. काकूंना ती कंटाळवाणी वाटली. आजी मात्र म्हणाल्या, "ते आधी. मग तुमचं नाचगाणं."

श्रीमंतांच्या मुलांचे कौतुक पुढे वाढू लागले. १९३५ च्या फ्रेंच 'नॉर्मंडी' बोटीवर मुलांचे जेवणघर निराळे होते व त्याच्या भिंतींवर बाबार नावाच्या हत्तीची चित्रे, ती गोष्ट रचणाऱ्या चित्रकारानेच काढलेली. कथेतील पात्रांनी बोट सजविण्याची कल्पना अशी जुनीच म्हणावयाची. पण एक खोली ती एक खोली. मुलांना एका बाजूस बसवून मोठ्यांना निवांत जेवता यावे, एवढाच त्यातला मतलब असावा असे मला वाटते.

सगळे पालटले ते विमानाने. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवरून जेट विमानांची उतारू वाहतूक सुरू झाली. पाच दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. बोटीने जाणार कोण? कंपन्या हवालदिल झाल्या. मग ज्या थोड्यांनी टिकाव धरला त्यांनी ओळखले की, कोठे पोचविण्यासाठी आता बोट नको, बोटीवर राहण्यासाठीच माणसे आणावयाची. १९६६ च्या डिसेंबरात मायामीहून 'सनवर्ड' बोट कॅरिबियन बेटांच्या फेऱ्या करू लागली. १९७२ साली 'कार्निव्हल' कंपनीने 'मार्डी ग्रा' ही जुनी बोट घेऊन धंदा मांडला आणि ती पहिल्याच सफरीत मायामीजवळ वाळूत रुतून बसली! तरी कंपनी टिकली व पुढे जगात सर्वांत मोठी झाली. नुसत्या श्रीमंतांवर इतक्या बोटी भरणार नव्हत्या. मध्यम स्थितीतील माणसे हवीत, म्हणजे त्यांची मुलेही आलीच. मुलांविषयी एकाएकी माया दाटली असे नव्हे, केबिनी रिकाम्या राहत होत्या!

१९८५ च्या सुमारास 'प्रीमियर' नावाच्या कंपनीने लाल रंगाच्या बोटींवर डिस्नेची पात्रे आणली. तीन-चार दिवस बोट आणि बाकीचे दिवस फ्लोरिडातील डिस्नेचे उद्यान, अशी ती जोड सहल असे. करार संपल्यावर डिस्ने कंपनीने स्वतःच्याच बोटी बांधावयास घेतल्या. पहिली 'डिस्ने मॅजिक' इटलीत बांधली. पुढचा अर्धा भाग अँकोना येथे व मागचा मार्गेरा येथे, आणि मग दोन्ही जोडले. ३० जुलै १९९८ रोजी ती पहिल्या सफरीस निघाली. मिकीच्या रंगांशी जुळावे म्हणून जीवरक्षक होड्या नेहमीच्या नारिंगीऐवजी पिवळ्या रंगविण्याची खास परवानगी घेतली होती. भोंगा वाजतो तो 'पिनोकिओ' या १९४० च्या चित्रपटातील गाण्याचे सात सूर काढून.

पण मला या सगळ्याहून अधिक आवडली ती न्हाणीघराची गोष्ट. बहुतेक केबिनींत दोन निराळ्या खोल्या केल्या. एकीत शौचकूप, दुसरीत स्नानाची सोय, आणि हात धुण्याचे भांडे दोन्हींत. सकाळी चार माणसे एका दाराशी खोळंबलेली ज्या बाईने पाहिली आहे तिला याचे मोल कळेल. हे ज्याला सुचले त्याने एखाद्या घरातील सकाळ नक्कीच पाहिली असली पाहिजे. रोज निराळ्या दालनात जेवण, पण वाढणारी माणसे तीच, ती कुटुंबाबरोबर दालने बदलतात. म्हणजे कोणत्या मुलाला काय चालत नाही ते रोज नव्याने सांगावयास नको. तान्ह्यांसाठी पाळणाघर, मोठ्यांसाठी खेळघरे. आता तर 'आयकन ऑफ द सीज' ही फिनलंडमध्ये बांधलेली बोट जानेवारी २०२४ पासून चालू झाली आहे. लांबी ३६५ मीटर, मजले २०, उतारू जास्तीत जास्त ७,६००, आणि काम करणारी माणसे २,३५०. आकारमानात 'टायटॅनिक'च्या पाचपटीहून मोठी. तालुक्याचे एखादे गावच पाण्यावर ठेवले आहे म्हणा ना!

येथे आजींचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ही २,३५० माणसे कोण? कंपनी अमेरिकेची, बांधणी युरोपातली, निशाण बहामा बेटांचे, आणि राबणारे हात अनेक देशांचे. त्यांत आपले पुष्कळ. हेही नवे नाही. पी. अँड ओ. च्या काळापासून केबिनी आवरणारे व जेवण वाढणारे बहुधा गोव्याचे ख्रिस्ती असत, तर डेकवर रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी पुष्कळ. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोव्याच्या गावोगावचे 'कूड' होते; एका बोटीवरून उतरून दुसरी मिळेपर्यंत गावच्या माणसाने आपली ट्रंक तेथे ठेवून राहावयाचे, संध्याकाळची प्रार्थना चुकवावयाची नाही. 'तो बोटीवर आहे' या तीन शब्दांत आपल्याकडे एका घराची सारी हकीगत येते. मनीऑर्डर येते, माणूस येत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' ही सहलीची बोट करोनाच्या साथीत अडकली, तेव्हा तिच्यावर १३८ भारतीय होते. त्यांतील १३२ कामावरचे होते. उतारू आपापल्या केबिनीत बंद, आणि त्यांच्या दाराशी जेवण नेऊन देणारे हे. खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून अमलात आला आहे. त्याप्रमाणे दिवसातून निदान दहा तास विश्रांती द्यावी लागते. ही चांगलीच गोष्ट झाली. पण मुलाबाळांपासून दूर राहण्याचे महिने कोणत्याही कराराने भरून निघत नाहीत.

म्हणून काय काकूंनी जाऊ नये? असे मी मुळीच म्हणत नाही. चाळीस वर्षे त्यांनी घरात दुपारची झोप घेतलेली नाही, हे मला शेजारणीला ठाऊक आहे. त्यांना आठ दिवस कोणी आयते ताट दिले याचा मला आनंदच आहे. पैसे असतील तर आपणही सर्वांनी जावे. मुंबईहूनही अशा सफरी निघू लागल्या आहेत.

मात्र परवा मी त्यांना मुद्दाम गाठून विचारले की, तुमच्या मेजावर वाढायला कोण असे? त्या म्हणाल्या, मडगावकडचा एक मुलगा होता. पहिल्या दिवशी इंग्रजीत बोलला. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'तूं खंयचो रे?' असे विचारताच हसला आणि मग रोज कोंकणीत बोलू लागला. धाकट्या नातवाला तो घास बारीक करून देई, पाणी कोमट करून आणी. त्याची स्वतःची मुलगी अकरा महिन्यांची. तिने पहिले पाऊल टाकलेले त्याने फोनवर पाहिले होते आणि ते त्याने काकूंनाही दाखविले. शेवटच्या रात्री काकूंनी पर्समधली राजगिऱ्याच्या वड्यांची पुडी त्याच्या हाती दिली. त्याला घरी जावयास अजून चार महिने होते.