लोहित

मंडळी, आज थोडं अक्षरांबद्दल. 'मुक्त सॉफ्टवेअर' म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "म्हणजे फुकट ना?" लोहित या फॉन्टची हकिगत पाहिली की या प्रश्नाचं उत्तर जरा लांबतं.

युनिकोड रुळण्याआधी संगणकावरचं मराठी हे एक सोंगच होतं. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट असेल तर लेख दिसे, नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. लेखन आपलं, पण वाचायची किल्ली फॉन्ट विकणाऱ्याकडे! १९९१ साली आलेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला. 'क' म्हणजे २३२५, मग संगणक कुणाचाही असो. देवनागरीची ही मांडणी १९८८ सालच्या 'इस्की' या भारतीय प्रमाणावरून घेतलेली.

पण क्रमांकाला आकार कोण देणार? 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला आपला अर्धा र हिंदीला लागत नाही. त्याची आठवण मराठी माणसानेच ठेवायची. शिवाय आकार घडवायला कारागीर लागतो, आणि कारागिराला पगार.

लोहित घडवला पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्रीलिपी विकणाऱ्या कंपनीनेच. २००४ साली रेड हॅट या अमेरिकी कंपनीने तो मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला केला. लोहित म्हणजे तांबडा, आणि कंपनीच्या नावातही लाल टोपी! हा निव्वळ दानधर्म होता असं मला वाटत नाही. लिनक्सवर धंदा करायचा तर पडद्यावर इथली अक्षरं नीट दिसायला हवीतच. स्वार्थ होता, पण त्यात आपलंही भलं झालं.

२०११ साली लोहितला खास फॉन्टांसाठीचा मुक्त परवाना मिळाला. २०१९ साली आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅटच विकत घेतली. मालक बदलला, पण एकदा मोकळी केलेली अक्षरं पुन्हा तिजोरीत जात नाहीत. ती कुणीही वापरावीत, सुधारावीत, वाटावीत.

आमच्या देवळाली कॅम्पजवळ नाशिकरोडला १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे. नोटा सरकारच्याच छापखान्यात छापलेल्या बऱ्या. अक्षरांचा छापखाना मात्र ज्याला हवा त्याला काढता यावा.

एवढंच की परवाना अक्षरं सांभाळतो, कारागिराचं पोट सांभाळत नाही. ते कुणी सांभाळायचं, हा प्रश्न फुकट वापरणाऱ्या आपण सर्वांनी कधीतरी स्वतःला विचारावा.

असो.